कोटाखालचा बोलविता धनी

दिनांक ३० सप्टेंबर २००४. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या कोरल गेबल्स इथं, मायामी विद्यापीठाच्या सभागृहात, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश आणि त्यांचे प्रतिस्पर्धी सिनेटर जॉन केरी समोरासमोर उभे होते. निवडणुकीला जेमतेम महिना उरलेला. विषय परराष्ट्र धोरणाचा, म्हणजे मुख्यतः इराकच्या युद्धाचा. दीड तास वाद चालला, कोट्यवधी लोकांनी पाहिला, आणि आज बहुतेकांच्या लक्षात काय राहिलं असेल, तर बुश यांच्या कोटाच्या पाठीवर दिसलेला एक चौकोनी उंचवटा! दोन खांद्यांच्या मधोमध, एखाद्या छोट्या डबीसारखा. तिथून खाली काहीतरी वायरसारखं गेल्याचा भासही होत होता.

हा उंचवटा मुळात कोणाला दिसायलाच नको होता. दोन्ही पक्षांच्या प्रचारप्रमुखांनी या वादफेऱ्यांसाठी बत्तीस पानांचा करारनामा केला होता. व्यासपीठ किती उंच, पाणी कुठं ठेवायचं, कागद-पेन आधी कोणाकडं सोपवायचं, सगळं त्यात लिहिलेलं. त्यातच एक कलम असं होतं, की मंचाच्या मागच्या बाजूचा कॅमेरा फक्त सूत्रसंचालकाला दाखवण्यासाठी वापरायचा. पण वाहिन्यांनी त्या करारावर सही केली नव्हती. आम्ही काय दाखवायचं ते आम्ही ठरवू, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि मागून घेतलेली दृश्यं बिनदिक्कत दाखवली. तिथंच लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मागून दाखवू नका असं ठरलं होतं ते याचसाठी का?

संशय एकदा आला की पुरावे आपोआप गोळा व्हायला लागतात. बुश बोलताना मध्येच थांबत होते, नजर खाली जात होती. एकदा तर ते 'मला पुरं करू द्या' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना कोणीच अडवलेलं नव्हतं. मग ते कोणाला उद्देशून म्हणाले? ८ ऑक्टोबरला 'सलॉन' या नियतकालिकानं हा प्रश्न जाहीरपणे छापला, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कानात कोणीतरी उत्तरं सांगत होतं ही कुजबूज जगभर पोचली.

मी अनेक वर्षं ध्वनियंत्रणेचं काम केलं आहे. माणसाच्या कपड्यांत माईक लपवणं आणि कानात आवाज पोचवणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग होता. त्यामुळे हे प्रकरण मी त्या वेळी राजकारणापेक्षा कारागिरीच्या अंगानं वाचत होतो, आणि आजही तसंच वाचतो.

कानात आवाज पोचवणं अवघड नाही, हे आधी सांगून टाकतो. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या प्रत्येकाच्या कानात एक छोटं बोंड असतं. त्यातून निर्माता बोलत असतो : 'वीस सेकंद उरली', 'पुढची बातमी गाळा', 'पाहुणे आले'. याला आम्ही टॉकबॅक म्हणतो. आता हे उघड असतं, त्यात लपवाछपवी नाही. लपवायचं असेल तर दुसरी युक्ती. वाटाण्याहून लहान असं यंत्र कानाच्या आत बसवायचं, आणि गळ्याभोवती किंवा खांद्यावर तारेचं एक वेटोळं कपड्याखाली ठेवायचं. त्या वेटोळ्यातून जाणाऱ्या विजेमुळे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं, आणि कानातलं यंत्र त्याचा पुन्हा आवाज करतं. कानापर्यंत वायर जावी लागत नाही. ऐकू कमी येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रासाठी हेच तत्त्व कित्येक सभागृहांत वापरलं जातं. वेटोळ्याला जोडलेली एक डबी लागते, ती बाहेरून रेडिओलहरींवर आलेला आवाज पकडते. आपल्याकडच्या परीक्षांतही ही विद्या पोचली आहेच. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेच्या वेळी बिकानेरच्या पोलिसांनी चक्क चपला पकडल्या होत्या. तळव्यात फोनची यंत्रणा आणि कानात हे एवढंसं बोंड!

म्हणजे बुश यांच्या पाठीवर तशी डबी असणं अशक्य नव्हतं. पण मला पहिल्यापासून खटकलं ते तिचं ठिकाण. ज्यानं आयुष्यात एकदा तरी कलावंताला वायरलेस माईक बांधला आहे, तो सांगेल की डबी कंबरेला लावतात, मागच्या बाजूला, पट्ट्याला. तिथं कोट सैल असतो. खांद्यांच्या मधोमध कोट सर्वांत जास्त ताणलेला असतो. माणूस पुढं वाकला, की तिथं ठेवलेली काडेपेटीसुद्धा दिसेल. जगातल्या सर्वांत ताकदवान कार्यालयाला लपवायचंच होतं, तर त्यांनी नेमकी तीच जागा निवडली असती का?

दुसरी गोष्ट रेडिओलहरींची. अशा कार्यक्रमाच्या आवारात शेकडो वायरलेस उपकरणं चालू असतात. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये म्हणून कोणी कुठली वारंवारता वापरायची याचं वाटप आधी होतं, आणि परका आवाज कुठून येतोय यावर तंत्रज्ञांचं लक्ष असतं. आम्हा लोकांना दुसऱ्याचा आवाज ऐकायची खोड असते, हेही खरं! लहरींवर पाठवलेलं गुपित भिंतीवर लिहिलेल्या गुपितासारखंच. सांकेतिक पद्धतीनं आवाज पाठवता येतो, ते मान्य; पण मग डबी आणखी गुंतागुंतीची, आणि बिघडण्याची भीती आणखी मोठी.

व्हाइट हाऊसनं काय उत्तर दिलं? आधी सगळं हसण्यावारी नेलं. मग सांगण्यात आलं की कोटाच्या पाठीवरच्या शिवणीला पडलेली ती चुणी आहे. राष्ट्राध्यक्षांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्यानंही तसंच सांगितलं. २६ ऑक्टोबरला खुद्द बुश एका मुलाखतीत म्हणाले, की शर्टच नीट शिवलेला नव्हता. कोट की शर्ट, यावरही एकमत नाही! त्याच आठवड्यात, २९ तारखेला, रॉबर्ट नेल्सन हे शास्त्रज्ञ पुढं आले. ते नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करत. दूरच्या ग्रहांची आणि उपग्रहांची छायाचित्रं अभ्यासणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी नासातर्फे नव्हे, तर व्यक्तिशः, वादफेरीच्या चित्रफितीतली छायाचित्रं तपासली आणि सांगितलं, की वस्तू नेमकी कोणती हे मी सांगू शकत नाही, पण ही कापडाची चुणी नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहरांनी या अभ्यासावर बातमी तयार केली होती. मतदानाच्या आधी ती छापली गेली नाही. मतदान आठवड्यावर आलेलं असताना अर्धवट सिद्ध झालेली गोष्ट छापावी की नाही, यावर संपादकांत दुमत होऊ शकतं. माझ्या मते छापायला हवी होती, कारण छायाचित्रं सर्वांसमोर होती आणि सरकारी खुलासा उघडउघड लंगडा होता.

निवडणूक झाली, बुश पुन्हा निवडून आले, आणि ४ नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या 'द हिल' या वृत्तपत्रानं सुरक्षायंत्रणेतल्या सूत्रांचा हवाला देऊन छापलं, की तो उंचवटा गोळीपासून बचाव करणाऱ्या जाकिटाचा होता. मला हा खुलासा सर्वांत पटण्यासारखा वाटतो. त्या जाकिटाचे पट्टे पाठीवर नेमके खांद्यांच्या मध्ये येऊ शकतात, आणि राष्ट्राध्यक्षानं जाकीट घातलंय की नाही हे संरक्षण करणारे कधीही सांगणार नाहीत, हेही ओघानंच आलं. म्हणून बिचाऱ्या शिंप्याच्या माथी खापर फुटलं. पण त्याचा परिणाम असा झाला, की जे खरं असण्याची शक्यता जास्त ते सांगता येत नाही, आणि जे सांगितलं त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. संशयाला याहून चांगलं खत मिळत नाही.

गंमत म्हणजे, केरींवरही त्याच संध्याकाळचा आरोप होता. मंचावर येता येता त्यांनी खिशातून काहीतरी काढलं, ती कॉपीची चिठ्ठी होती असं बुशसमर्थकांनी उठवलं. ते पेन निघालं.

आता यंत्राचं सोडू या. खरा प्रश्न माणसाचा आहे. कानात कोणी बोलत असताना माणूस बोलू शकतो का?

शकतो. मी पाहिलंय. एक वृत्तनिवेदिका भूकंपाची बातमी वाचत होत्या आणि कानात निर्माता एका पाहुण्याचं नाव बदलल्याचं सांगत होता. बाईंचा आवाज तसूभर हलला नाही. फक्त डोळ्यांची उघडझाप क्षणभर थांबली. बातमी संपल्यावर त्यांनी नवं नाव बरोबर घेतलं. पण त्यांच्यासमोर बातमीचा मजकूर होता, एवढं लक्षात घ्या. वाचणं चालू ठेवून एक नाव ऐकणं वेगळं, आणि ऐकत ऐकत विचार करून बोलणं वेगळं.

याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाच्या दोन कानांत दोन वेगवेगळे मजकूर ऐकवायचे, आणि एका कानातला मजकूर ऐकता ऐकता मोठ्यानं म्हणायला सांगायचं. लोकांना ते जमलं. पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं, असं विचारलं, तर जवळजवळ काहीच सांगता येईना. मधेच भाषा बदललेली कित्येकांना कळली नाही. म्हणजे तोंडानं एक प्रवाह धरला की दुसरा निसटतो. वादफेरीत हे किती महाग पडेल, बघा. कानातल्या माणसाच्या मागोमाग बोलणाऱ्याला समोरचा प्रतिस्पर्धी काय म्हणतोय तेच ऐकू येणार नाही.

मग स्टॅन्ले मिलग्रॅम नावाचे विक्षिप्त आणि बुद्धिमान अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. आज्ञाधारकतेवरच्या विजेच्या धक्क्यांच्या प्रयोगामुळे ते जगाला माहीत आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक वेगळाच खेळ मांडला. एक माणूस खोलीत बसून मुलाखत देतो, पण तो जे बोलतो ते सगळं दुसऱ्या खोलीतून कोणीतरी त्याच्या कानात सांगत असतं. फ्रेंच नाटककार रोस्ताँ यांच्या १८९७ च्या 'सिरानो द बर्जराक' या नाटकावरून त्यांनी या माणसांना 'सिरॅनॉइड' असं नाव दिलं. त्या नाटकात देखण्या पण मठ्ठ प्रियकराला दुसराच माणूस शब्द पुरवतो. मिलग्रॅमनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या कानात स्वतः बोलून त्यांना शिक्षकांसमोर बसवलं. शिक्षकांनी भरपूर प्रश्न विचारले. मुलगा जरा जास्तच हुशार आहे असं वाटलं असेल, पण आपण मुलाशी नव्हे तर एका प्राध्यापकाशी बोलतोय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला, आणि तसाच अनुभव आला.

तुम्ही म्हणाल, मग झालं की! सिद्धच झालं, की हे करता येतं. पण यातला बारकावा पाहा. मिलग्रॅमच्या खोलीतल्या मुलाला काही समजण्याची गरज नव्हती. त्यानं पोपट व्हायचं होतं. त्याचा चेहरा कोणी हजार वेळा पाहिलेला नव्हता, बोलण्याची लकब कोणाला ठाऊक नव्हती. राष्ट्राध्यक्षाचं तसं नाही. आणि मायामीला उत्तराला दोन मिनिटं, प्रत्युत्तराला दीड मिनिट अशी वेळ बांधलेली. तीस सेकंद उरली की हिरवा दिवा, पंधराला पिवळा, पाचला लाल. प्रश्न ऐकून दुसऱ्या खोलीतल्यानं उत्तर रचायचं, ते कानात सांगायचं, आणि ते वक्त्यानं आपल्या शब्दांत म्हणायचं, समोर दिवे बदलत असताना. त्या दिव्याकडं बघून कोणाच्याही तोंडून 'मला पुरं करू द्या' निघेल. त्यासाठी कानात कोणी असावं लागत नाही.

एक शक्यता मात्र मी नाकारत नाही. आख्खं उत्तर नव्हे, एखादा शब्द. विसरलेलं नाव, एखादा आकडा, 'हसा', 'सरळ उभे राहा'. आपल्या नाटकांत विंगेतला प्रॉम्प्टर हेच करायचा. नट थबकला की वाक्याचा पहिला शब्द पुरवायचा, बाकीचं नट सांभाळून न्यायचा. पाठ असलेल्याला एक शब्द पुरतो. चोरी करायचीच तर ती अशी होईल, आणि ती पकडणं सर्वांत अवघड. पण त्या रात्री बुश यांना प्रॉम्प्टर असलाच, तर तो फारच गचाळ होता, एवढं म्हणायला हवं. कारण वादफेरीनंतरच्या जनमत चाचण्यांत केरी जिंकल्याचं लोकांनी सांगितलं. संशय घेणाऱ्यांनी यावरही उत्तर शोधलंच : ऐकू येत होतं म्हणूनच ते गोंधळले! चांगले बोलले तर कोणी सांगितलं म्हणून, वाईट बोलले तर कोणी सांगत होतं म्हणून. असा आरोप खोटा ठरवायचा कसा?

क्रिकेटप्रेमींना यावरून हमखास एक सामना आठवेल. १५ मे १९९९, इंग्लंडमधलं होव्हचं मैदान, विश्वचषकातला भारत-दक्षिण आफ्रिका सामना. आपली फलंदाजी चालू होती, गांगुली आणि द्रविड छान खेळत होते. आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि गोलंदाज ॲलन डोनाल्ड यांच्या कानात इयरफोन होते, आणि पॅव्हेलियनमधून प्रशिक्षक बॉब वूल्मर त्यांना सूचना देत होते. ही गोष्ट लक्षात आल्यावर सामनाधिकारी तलत अली यांनी ते काढायला लावले. नियमांत असं करू नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं! कोणाच्या मनातच आलं नव्हतं, तर लिहिणार कोण? त्या स्पर्धेपुरती मग बंदी आली. गांगुली सत्त्याण्णववर धावबाद झाला, सामना आफ्रिकेनं जिंकला, आणि त्यात इयरफोनचा वाटा किती हे ज्यानं-त्यानं आपापल्या मगदुरानं ठरवलं. मला आठवतं ते वेगळंच. आपल्याकडच्या चर्चेचा सूर 'फसवलं' यापेक्षा 'कर्णधारानं स्वतः ठरवायला नको का?' असा होता. मैदानात उतरल्यावर ज्याचं डोकं त्यानं चालवावं, ही आपली जुनी अपेक्षा. राजकारण्याकडूनही लोकांची तीच अपेक्षा असते. भाषणं दुसरे लिहून देतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि चालतं. मीही रेडिओवर बोलतो ते कागद समोर ठेवून, हे श्रोत्यांना ठाऊक असतंच. पण वादफेरीची अट वेगळी आहे. तिथं माणूस एकटा हवा.

टीव्हीवरच्या स्पर्धेत आधी उत्तरं पुरवण्याचा प्रकार अमेरिकेनं वादफेऱ्यांच्या आधीच भोगला होता. 'ट्वेंटी वन' या प्रश्नमंजूषेतला लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन, कोलंबिया विद्यापीठातला तरुण अध्यापक. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यानं काँग्रेसच्या समितीपुढं कबूल केलं, की मला प्रश्न आणि उत्तरं आधी मिळत होती. काचेच्या पेटीत घाम पुसत आठवल्यासारखं करणं, तेही शिकवलेलं. देश हादरला, पुढच्या वर्षी अशा स्पर्धांतली लबाडी हा गुन्हा ठरला. आणि त्याच १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्या पहिल्या टीव्ही वादफेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत दोघं दोन शहरांतल्या स्टुडिओंत होते. केनेडींनी टिपणं वापरली, असा निक्सन यांचा आक्षेप होता. म्हणजे चोरून मदत घेतल्याचा संशय वादफेऱ्यांइतकाच जुना.

प्रत्यक्षात जी लबाडी सिद्ध झाली, ती मात्र कानातून झालेली नाही. ती कागदावर झाली.

२८ ऑक्टोबर १९८० ला क्लीव्हलंडमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि रेगन यांची एकमेव वादफेरी झाली. रेगन सहज, हसत बोलले आणि निवडणूक जिंकले. पुढं १९८३ मध्ये पत्रकार लॉरेन्स बॅरेट यांच्या पुस्तकातून बाहेर आलं, की कार्टर यांच्या तयारीची कागदपत्रं रेगन यांच्या गोटात आधीच पोचली होती. रंगीत तालमीत कार्टर यांची भूमिका करणाऱ्या डेव्हिड स्टॉकमन यांनी ती वापरली होती. काँग्रेसची चौकशी बसली. रेगन यांचे सहकारी जेम्स बेकर म्हणाले, मला ती विल्यम केसींकडून मिळाली. केसी, जे तोवर गुप्तचर संस्थेचे प्रमुख झाले होते, ते म्हणाले, मला तसं काही आठवत नाही. सरकारी कचेरीतून कागद कोणी बाहेर काढला, यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. त्या तालमीत जॉर्ज विल हे नामांकित स्तंभलेखकही मदतीला होते, आणि वादफेरी झाल्यावर टीव्हीवर येऊन त्यांनीच रेगन यांची वाहवा केली. आपणच शिकवलेल्या विद्यार्थ्याचा पेपर आपणच तपासायचा!

२००० साली हेच उलट घडलं, आणि ही हकीकत मला जास्त आवडते. अल गोर यांच्या तालमीत बुश यांची भूमिका करणार होते माजी खासदार टॉम डाऊनी. सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडं टपालानं एक पाकीट आलं. उघडलं तर आत बुश यांच्या तयारीची टिपणं आणि तालमीची चित्रफीत! डाऊनींनी ते वकिलामार्फत एफबीआयकडं दिलं आणि स्वतः तालमीतून बाहेर पडले, कारण थोडं का होईना, पाहिलं होतं. बुश यांच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या संस्थेतल्या एका कर्मचाऱ्याला पुढं तुरुंगवास झाला. हातात आयता आलेला पेपर परत करणाऱ्या माणसाचं नाव मात्र फारसं कोणी लक्षात ठेवलेलं नाही.

आणि मग २०१६. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पदाधिकारी आणि 'सीएनएन'वरच्या भाष्यकार डॉना ब्राझील यांनी त्या मार्चमधल्या कार्यक्रमांतल्या प्रश्नांची कुणकुण हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारकांना ई-मेलनं आधी दिली होती. ऑक्टोबरमध्ये 'विकिलीक्स'नं ती पत्रं उघड केली, वाहिनीनं त्यांच्याशी संबंध तोडले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ती चूक होती असं मान्य केलं. प्रश्न आधी कळले, तर कानात कोणी असण्याची गरज काय?

पण लोकांचा डोळा अजून कानावरच आहे. त्याच वर्षी क्लिंटन यांच्या पाठीचा फोटो फिरला, ती माईकची नेहमीची डबी होती. त्याच वादफेरीत सभागृहात ऐकू येणारा ट्रम्प यांचा आवाज नीट नव्हता, हे आयोजकांनी नंतर मान्य केलं. त्यावरही संशय निघालेच, आणि ध्वनितंत्रज्ञ म्हणून मला तिथल्या माणसाची दया आली. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारकांनी वादफेरीआधी दोघांचे कान तपासावेत अशी मागणी केली. फेरी झाली, आणि बायडेन यांच्या शर्टाखाली वायर असल्याचे फोटो निघाले. ती शर्टाची घडी होती. मनगटावर दिसलं ते दिवंगत मुलाच्या आठवणीसाठी घातलेली जपमाळ होती. १० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात कमला हॅरिस यांच्या कानातल्या मोत्यांची पाळी आली. एका जर्मन कंपनीचे आवाज ऐकवणारे कर्णफूल त्यांनी घातलेत, असं लाखो लोकांनी एकमेकांना सांगितलं. ते साधे दागिने होते, पूर्वीही घातलेले, आणि जवळून पाहिलं तर बनावट वेगळी दिसत होती.

एक लक्षात येतं का? बुश रिपब्लिकन, तेव्हा संशय डेमोक्रॅट घेत होते. पुढं बाजू बदलल्या, पाठीचा फोटो तोच राहिला. आपल्या विरोधकाला एवढं चांगलं बोलता येईलच कसं, हा त्यामागचा खरा प्रश्न असतो. विरोधक मूर्ख आहे हे एकदा मनाशी ठरवलं, की त्याच्या प्रत्येक चांगल्या वाक्याला दुसरा बाप शोधावा लागतो.

नियम मात्र कडक होत गेले, ते बरं झालं. २७ जून २०२४ ला अटलांटात बायडेन आणि ट्रम्प आले, तेव्हा प्रत्येकाला मिळालं एक पेन, एक कोरी वही आणि पाण्याची बाटली. टिपणं नाहीत. समोर प्रेक्षक नाहीत. जाहिरातींच्या वेळात आपल्या माणसांना भेटायचं नाही, आणि आपली पाळी नसताना माईक बंद. त्या रात्री बायडेन वाक्य हरवून बसले, ते सगळ्या देशानं पाहिलं. मदत करायला कोणी नव्हतं. साडेतीन आठवड्यांनी, २१ जुलैला, त्यांनी उमेदवारी सोडली. राष्ट्राध्यक्षाच्या अवतीभवती असलेल्या माणसांनी जे सांगितलं नव्हतं, ते लोकांना त्या दीड तासात स्वतःच्या डोळ्यांनी कळलं. वादफेरीत माणूस एकटा असावा असा आग्रह का धरायचा, हे मला त्या रात्री जितकं पटलं तितकं कुठल्याही डबीच्या फोटोनं पटलं नव्हतं.

माझ्या धंद्यातल्या माणसांना या सगळ्या इतिहासातली एकच संध्याकाळ तोंडपाठ असते. २३ सप्टेंबर १९७६, फिलाडेल्फियातलं वॉलनट स्ट्रीट थिएटर, फोर्ड आणि कार्टर. वादफेरी संपायला थोडाच वेळ उरलेला, कार्टर बोलत होते, आणि प्रक्षेपणाचा आवाज गेला. ॲम्प्लिफायरमधला अगदी चिल्लर किमतीचा एक सुटा भाग जळाला होता. आवाज परत यायला सत्तावीस मिनिटं लागली. सत्तावीस मिनिटं! कॅमेरे चालू होते, देश बघत होता, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या खुर्चीसाठी भांडणारे दोन पुरुष आपापल्या मेजामागं पुतळ्यासारखे उभे होते. ना एकमेकांशी बोलले, ना हात मिळवायला पुढं गेले. कानात सांगणारं कोणी असतं, तर त्यानं पहिली सूचना हीच दिली असती, की अहो, जरा पलीकडं जाऊन दोन शब्द तरी बोला. कार्टर यांनी पुढं कित्येक वर्षांनी ती फीत पाहून आपल्याला लाज वाटल्याचं सांगितलं. आवाज आला, तसं त्यांनी आपलं वाक्य पुन्हा हाती घेतलं.